भिंतीच्या आतले नेटवर्क

पावसाळ्यात मावळात रोज कोणीतरी म्हणते, "नेट गेलं." नेमके काय गेले, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. रस्त्यावरची फायबर तुटली असेल तर भिंतीवरच्या डबीवर लाल दिवा लागतो, आणि ते काम नेटवाल्याचेच. पण डबीवरचे सगळे दिवे हिरवे आहेत, फोनवर वायफायची खूण दिसते आहे, तरीही दुकानातला प्रिंटर बिल छापत नाही किंवा सीसीटीव्हीचे चित्र येत नाही, तेव्हा बिघाड बहुतेक वेळा बाहेर नसतो. तो आपल्याच भिंतीच्या आत असतो, आणि फोन करून बोलावलेला माणूस उद्या येईपर्यंत आपण विनाकारण थांबून राहतो. ही पुस्तिका त्या आतल्या भागाविषयी आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'लॅन' नावाचे जे पान असते, ते समजून घ्यायचे आणि आपल्या हाताने नीट लावायचे, एवढाच तिचा उद्देश आहे.

बाहेरचे नेट आणि आतले नेट यांतला फरक उर्से गावच्या माणसाला समजावणे सोपे आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आपल्या गावाजवळून जातो, उर्से टोलनाका सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण त्या मार्गावर दुचाकीला बंदी आहे, ट्रॅक्टरलाही बंदी आहे. वाडीतून शेतावर जाणारा ट्रॅक्टर टोलनाक्यावरून जात नाही. तो गावच्या रस्त्याने जातो. घाटात दरड कोसळून द्रुतगती मार्ग बंद पडला तरी गावातला रस्ता चालूच असतो. घरातल्या नेटवर्कचेही असेच आहे. संगणकाने प्रिंटरला पाठवलेले पान, कॅमेऱ्याने डीव्हीआरला पाठवलेले चित्र, एका फोनवरून टीव्हीवर लावलेला व्हिडिओ, हे सगळे घरातल्या घरात फिरते. त्याला बाहेरचे नेट लागत नाही. महिन्याचे पैसे भरायचे राहिले आणि जोडणी बंद झाली, तरी दुकानाचा संगणक त्याच दुकानातल्या प्रिंटरवर छापू शकला पाहिजे. छापता येत नसेल तर आतली मांडणी चुकलेली आहे.

उर्से परिसराला केबल नवी नाही. विजेच्या आणि दळणवळणाच्या केबल बनवणाऱ्या फिनोलेक्स केबल्सचा कारखाना उर्से गावातच आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. देशात इंटरनेट सामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले तेव्हा ते महानगरांपुरते होते. आज तळेगाव, सोमाटणे, परंदवडी, बेबडओहोळ या पट्ट्यात घरोघरी फायबरची जोडणी मिळते. म्हणजे दारापर्यंत येणाऱ्या तारेवर सरकारने आणि कंपन्यांनी मोठा खर्च केला. दाराच्या आतल्या वीस फुटांकडे मात्र कोणी पाहिले नाही. जोडणी देणारा माणूस येतो, डबी लावतो, वायफायचे नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि जातो. त्या डबीत आणखी काय काय आहे, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

त्या एका डबीत खरे तर चार यंत्रे असतात. पहिले, तारेने जोडलेली उपकरणे एकमेकांशी जोडणारा स्विच. मागच्या बाजूची लॅन लिहिलेली छिद्रे त्याची. दुसरे, वायफाय सोडणारा ॲक्सेस पॉइंट. तिसरे, प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर. चौथे, घरातल्या सगळ्यांची ये-जा बाहेरच्या एकाच पत्त्यावरून करणारी व्यवस्था, जिला नॅट म्हणतात. फायबरच्या जोडणीत प्रकाशाचा संकेत विजेत बदलणारा भागही बहुतेक याच डबीत असतो. सगळे एकाच प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवल्यामुळे ते एकच यंत्र वाटते आणि काही बिघडले की आपण सगळेच बंद करून चालू करतो. पण कोणते काम थांबले हे ओळखता आले की दुरुस्ती निम्मी झालेली असते.

आता पत्त्यांकडे येऊ, कारण या पुस्तिकेतले सगळे त्यांच्याभोवती फिरते. इंटरनेटवरचा जुना पत्ता, म्हणजे आयपीव्ही४ चा, चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी असतो. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ही योजना आखली गेली तेव्हा ते भरपूर वाटले. १९९० नंतर लक्षात आले की ते पुरणार नाहीत. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी नॅटची पद्धत मांडली. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने तीन गट कायमचे खासगी वापरासाठी राखून ठेवले : १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून ते कोणीही, कुठेही, कोणाची परवानगी न घेता वापरू शकतो. उर्से गावातल्या किराणा दुकानाच्या प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.१० असेल आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या त्याच घरातल्या मुलाच्या प्रिंटरचाही तोच असेल, तरी दोघांचे काही अडत नाही. पण एकाच घरात हा पत्ता दोघांना मिळाला तर लगेच अडते. या पुस्तिकेतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे आहे.

पत्ते खरोखरच संपले. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्यामुळे आज अनेक कंपन्या प्रत्येक घराला स्वतंत्र बाहेरचा पत्ता देत नाहीत. शेकडो घरांना मिळून एकच देतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा आणखी एक गट राखला गेला. आपल्या राउटरच्या 'वॅन', म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर पत्ता या गटातला दिसत असेल, तर एक गोष्ट तिथेच समजून घ्यावी : पुण्यात बसून शेतावरचा कॅमेरा पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून आत वाट उघडण्याचे, कितीही प्रयोग केले तरी ते चालणार नाहीत. आपले काही चुकलेले नसते. बाहेरून येणारी वाट कंपनीच्या जागेतच संपते. अशा वेळी कॅमेरा बनवणाऱ्याच्या क्लाउड सेवेतून जावे, नाहीतर कंपनीकडे पैसे भरून स्वतंत्र पत्ता मागावा. हे आधी न सांगता तासाच्या हिशोबाने पैसे घेणारे लोक आहेत, म्हणून हे इथे प्रस्तावनेतच लिहून ठेवतो.

डीएचसीपी हे या विषयाचे हृदय आहे. राल्फ ड्रॉम्स यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याचा पहिला मसुदा मानक म्हणून मांडला. त्याआधी बहुतेक संगणकांत पत्ता हाताने भरावा लागे. आता फोन वायफायला जोडला की तो विचारतो, राउटर त्याला पत्ता देतो, आणि त्याबरोबर आणखी तीन गोष्टी देतो : सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे सारखे असलेली सगळी उपकरणे एकमेकांशी थेट बोलतात. गेटवे म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा, बहुतेक वेळा खुद्द राउटरच. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये तयार केली. पत्ता कायमचा दिलेला नसतो, ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो. मुदत संपत आली की उपकरण ती वाढवून मागते. ते बंद असेल तर पत्ता मोकळा होतो आणि दुसऱ्याला मिळू शकतो.

प्रिंटरचा सगळा घोळ याच मुदतीतून होतो. दुकानात प्रिंटर बसवला, त्या दिवशी त्याला १९२.१६८.१.५ मिळाला, संगणकात तोच पत्ता भरला, छपाई सुरू झाली. दोन दिवस दुकान बंद राहिले. सोमवारी आधी फोन जोडला गेला आणि त्याला ५ मिळाला. प्रिंटरला ८ मिळाला. संगणक अजूनही ५ ला पान पाठवतो आहे. कोणतेच यंत्र बिघडलेले नाही, तरी बिल निघत नाही. मग कोणीतरी प्रिंटरमध्येच १९२.१६८.१.१० असा पक्का पत्ता भरून देतो आणि गणपतीपर्यंत सगळे सुरळीत चालते. पण राउटरच्या वाटपाच्या यादीत १० हा आकडा अजून आहे. प्रिंटर बंद असताना राउटर तो एखाद्या पाहुण्याच्या फोनला देऊन टाकतो. प्रिंटर चालू झाला की एकाच पत्त्यावर दोघे येतात, आणि कधी छापते, कधी नाही, असे सुरू होते. हा बिघाड सगळ्यांत त्रासदायक, कारण तो पाहायला गेले की सापडत नाही.

यावर उपाय साधा आहे, आणि तो केल्यावर मी कोणाला पश्चात्ताप करताना पाहिलेले नाही. राउटरच्या लॅन पानावर वाटपाची सुरुवात आणि शेवट लिहिलेला असतो. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर वाटप १०० पासून २०० पर्यंत ठेवावे. २ ते ९९ हे आकडे आपल्या हातात राहतात. त्यांतले १० प्रिंटरला, २० डीव्हीआरला, २१ ते २९ कॅमेऱ्यांना, अशी घराची यादी करावी आणि ती वहीत लिहावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे राउटरमध्येच नोंद करणे : अमुक मॅक पत्त्याच्या उपकरणाला कायम अमुक आकडा द्यायचा. मॅक पत्ता म्हणजे उपकरण बनवतानाच त्याला दिलेला ४८ बिटांचा क्रमांक; तो बहुतेक वेळा मागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. अशी नोंद केली की प्रिंटरमध्ये काही बदलावे लागत नाही, आणि राउटर बदलला तर एकाच ठिकाणी यादी भरली की काम संपते. फोनच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायला वेगळा दाखवतात. फोनसाठी नोंद करायची असेल तर त्या वायफायपुरते ते लपवणे बंद करावे लागते.

सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात असे नाही. काही राउटर १९२.१६८.० वापरतात, जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९.१ वर उघडतो. म्हणून या पुस्तिकेतला आकडा डोळे मिटून भरू नये. आधी आपला गेटवे कोणता हे फोनच्या वायफाय माहितीत किंवा संगणकावर 'आयपीकॉन्फिग' आज्ञा देऊन पाहावे.

दुसरा राउटर आणल्यावर काय होते, याला आम्ही संपूर्ण प्रकरण दिले आहे, कारण मावळातल्या घरांची बांधणीच तशी आहे. खाली जुने जाड भिंतींचे घर, वर मुलाने चढवलेला स्लॅबचा मजला, मागे पत्र्याची शेड. वर रेंज येत नाही म्हणून कोणी तळेगावातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची तार त्याच्या वॅन छिद्रात खुपसतो. दोन्ही राउटर १९२.१६८.१ वापरत असतील तर वरचा राउटर गोंधळतो, कारण त्याला आतली आणि बाहेरची बाजू एकच दिसते. वेगवेगळे वापरत असतील तर नेट चालते, पण घराची दोन नेटवर्क होतात आणि वरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही. बहुतेक घरांना दुसरे नेटवर्क नकोच असते. फक्त वायफाय लांबवर पोचवायचे असते. त्यासाठी नवा राउटर आधी एकट्याने संगणकाला जोडावा, त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे, आणि मग पहिल्याच्या लॅन छिद्रातून त्याच्या लॅन छिद्रात तार द्यावी. वॅन छिद्र रिकामे ठेवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी चालू ठेवून तार जोडली तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि मग कोणाला कुठला पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही. नव्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर ही सगळी कामे एका टिचकीत होतात.

वायफायविषयी इथे थोडेच सांगतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि आज त्यात सगळे शेजारी एकाच वेळी बोलतात. त्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. शेजारच्याचे ६ असेल तर आपण १ किंवा ११ घ्यावे. मधले ३ किंवा ८ घेऊन दोघांचेही नुकसान होते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंत ओलांडताना लवकर थकते. पत्र्याची शेड दोन्ही पट्टे अडवते. तिथे वायफायचा हट्ट धरण्यापेक्षा तार न्यावी. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. तळेगाव परिसरातल्या फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये आता सेन्सर आणि कॅमेरे बसू लागले आहेत. घर आणि पॉलिहाऊस यांच्यात अंतर मोठे असेल तर, किंवा तार उघड्यावरून जाणार असेल तर, फायबरच टाकावी. दोन इमारतींमध्ये हवेत लोंबणारी तांब्याची तार वळवाच्या पावसात विजेचा झटका आत आणते आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही.

पासवर्डांविषयी मी आग्रही आहे. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा सेटिंगच्या पानाचा, जो बहुतेकांनी कधी बदललेलाच नसतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याने कुलूप तोडण्याचे मोठे तंत्र वापरले नव्हते. कारखान्यातून येणारी साठेक ठरावीक नावे आणि पासवर्ड तो एकेक करून लावून पाहत होता. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या उपकरणांनी डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मावळातल्या दुकानातला न बदललेला पासवर्ड असा दूरवर त्रास देऊ शकतो. म्हणून सेटिंगचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, वायफायला किमान डब्ल्यूपीए२ ठेवावे, डब्ल्यूपीएस बंद करावे, बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद करावी. ग्राहकांना वायफाय द्यायचे असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळे करावे, म्हणजे चहा पिणाऱ्याचा फोन आपल्या हिशोबाच्या संगणकापर्यंत पोचणार नाही. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत, जिच्या वापरात भारत आज जगात पुढच्या रांगेत आहे, प्रत्येक उपकरणाला बाहेरचा पत्ता मिळू शकतो. तिथे नॅटची आडोशासारखी मदत नसते, म्हणून राउटरचे फायरवॉल बंद करू नये.

एक प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे : डबी कोणाची? अनेक ठिकाणी राउटर कंपनीचा असतो आणि सेटिंगचा पासवर्ड ग्राहकाला दिला जात नाही. कंपन्यांकडे टीआर-०६९ नावाची पद्धत २००४ पासून आहे. तिच्यामुळे त्या दुरून राउटरची सेटिंग पाहू आणि बदलू शकतात. दुरुस्तीसाठी ती उपयोगी आहे, हे मान्य. पण माझ्या घरात प्रिंटरला कोणता पत्ता मिळावा, हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. बाहेरच्या जोडणीची सेटिंग कंपनीने कुलूपबंद ठेवली तरी हरकत नाही; लॅनचे पान मात्र ग्राहकाला उघडून मिळालेच पाहिजे. जोडणी घेताना हे स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर स्वतःचा राउटर घ्या, कंपनीच्या डबीमागे लावा, आणि कंपनीला तिची डबी ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे ती जोडणी फक्त पुढे देईल. ते जमले की घरातले सगळे आपल्या राउटरवर चालते, आणि कंपनी बदलली तरी घरातले काही बदलावे लागत नाही.

बिघाड शोधण्याचा क्रम शेवटच्या प्रकरणात आहे, तो इथे थोडक्यात देतो, कारण अनेकजण तेवढेच वाचतील. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तार किंवा डीएचसीपी पाहा. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहा. उत्तर आले तर घरातला रस्ता ठीक आहे. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग करा. तिथून उत्तर आले तर बाहेरचेही ठीक आहे, आणि तरी संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष डीएनएसचा. गेटवे उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तेव्हाच नेटवाल्याला फोन करा आणि त्याला हेच शब्द सांगा. "नेट गेलं" म्हणण्याऐवजी "गेटवे पिंग होतो, बाहेरचे होत नाही" असे सांगणाऱ्या ग्राहकाचे काम लवकर होते.

पिन खुपसून रिसेट करणे मात्र शेवटी ठेवा. त्याने कारखान्याची मूळ सेटिंग परत येते, पण कंपनीने भरलेले जोडणीचे नाव आणि पासवर्डही पुसले जाऊ शकतात, आणि मग खरोखरच नेट जाते. बहुतेक राउटरमध्ये सेटिंगची प्रत फाइलमध्ये साठवता येते. प्रत्येक बदलाआधी ती साठवावी, आणि एका वेळी एकच बदल करून तपासावा.

सेटिंगची पाने इंग्रजीत असतात, म्हणून पुढच्या प्रकरणांत प्रत्येक पानावरचे शब्द जसे दिसतात तसेच देवनागरीत दिले आहेत आणि शेजारी त्याचा अर्थ मराठीत सांगितला आहे. शाळकरी मुलगीही आजोबांच्या दुकानाचा राउटर यावरून लावू शकेल, असा आमचा प्रयत्न आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकांनी एवढे करावे : एका कागदावर आपल्या राउटरचा गेटवे, त्याच्या वाटपाची सुरुवात आणि शेवट, प्रिंटर आणि डीव्हीआर यांचे पत्ते, आणि नेटवाल्याचा फोन क्रमांक लिहून तो कागद राउटरशेजारी भिंतीवर चिकटवावा. पासवर्ड त्यावर लिहू नये.